वरवरचा डॉक्टर

डॉक्टरांतही एक चातुर्वर्ण्य असतं, हे बाहेरच्या मंडळींना ठाऊक नसतं. हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर सगळ्यांत वर. त्यांच्या केबिनमध्ये शिरताना पेशंटचा आवाज आपोआप देवळात गेल्यासारखा खाली येतो. हाडांचे डॉक्टर म्हणजे क्षत्रिय. हातात करवत, हातोडी, आणि पेशंट ऐकेना तर प्लॅस्टर. त्याखाली बाळंतपणाचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे असे खाऊनपिऊन सुखी लोक. आणि या पंगतीत अगदी दाराशी, जिथं जिलबी पोचेपर्यंत तिचा पाक झालेला असतो, तिथं कातडीचा डॉक्टर बसलेला असतो. मी तिथं चाळीस वर्षं बसलो.

माझ्या वडिलांना मी हार्टस्पेशालिस्ट व्हायला हवा होतो. सीट मिळाली ती 'डी.व्ही.डी.'ची, म्हणजे त्वचारोग आणि गुप्तरोग यांच्या पदविकेची. वडील शेजाऱ्यांना "पुढचं शिकतोय" एवढंच सांगायचे. कशात, असं कोणी विचारलंच तर त्यांना खोकला यायचा. पुढं डीव्हीडी नावाची तबकडी बाजारात आली. माझ्या नावापुढची ती अक्षरं वाचून एक शाळकरी मुलगा जिना चढून वर आला आणि "काका, इंग्लिश पिक्चर भाड्यानं देता का?" म्हणून विचारता झाला. आता त्या तबकड्याही गेल्या. मी आहे.

कातडीच्या डॉक्टरचं सांत्वन करण्यासाठी आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. या धंद्यात तीन सुखं असतात : पेशंट रात्री उठवायला येत नाही, पेशंट मरत नाही, आणि पेशंट बराही होत नाही. यातलं तिसरं साफ खोटं आहे. पेशंट बरा होतो. पण बरा झालेला कधी सांगत नाही. बायपास झालेला माणूस शर्टाची बटणं काढून टाके दाखवतो, डॉक्टरचं नाव अभिमानानं सांगतो. माझ्याकडे बरा झालेला माणूस लक्ष्मी रोडवर समोरून आला, की त्याला एकाएकी पलीकडच्या दुकानातल्या साड्या बघाव्याशा वाटतात.

यात त्याचा तरी काय दोष? दोष पाटीचा. १९८३ साली पुण्यात दवाखाना टाकला आणि रीतीप्रमाणे 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ' अशी पाटी रंगवून घेतली. त्या वेळी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. एका स्थळाकडचे वडील दवाखाना बघायला म्हणून आले, खालून पाटी वाचली आणि वर न येता समोरच्या टपरीवर पान खाऊन परत गेले. जे पुढं माझे सासरे झाले, ते वर आले, बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाकी सगळं पसंत आहे. तेवढा मधला शब्द पुसता येईल का?"

पाटीचा परिणाम असा, की मुरमांवर औषध घ्यायला आलेला कॉलेजकुमारसुद्धा जिन्याशी थबकून आधी डावीकडं, मग उजवीकडं बघायचा आणि मग धूम ठोकून वर यायचा. वेटिंग रूममध्ये तर विलक्षण शांतता. इतर दवाखान्यांत पेशंट एकमेकांना बीपीचे आकडे ऐकवतात. माझ्याकडं प्रत्येकाच्या तोंडासमोर वर्तमानपत्र. एकदा सख्खे साडू तासभर समोरासमोर बसले होते, मधे अग्रलेख. दोघांनाही गजकर्णच होतं. पण ते एकमेकांना सांगायचं कसं?

आता त्वचा म्हणजे काही लहानसहान इंद्रिय नव्हे. अंगावरून काढून अंथरली, तर एका माणसाच्या सतरंजीएवढी भरेल. दीड ते दोन चौरस मीटर. हृदय बिचारं मुठीएवढं. त्वचेचा सगळ्यांत वरचा थर बहुतेक अंगावर वहीच्या कागदाइतकाच जाड असतो आणि साधारण महिन्याभरात सगळाच्या सगळा नवा होतो. म्हणजे गेल्या दिवाळीला तुम्ही ज्या कातडीला उटणं लावलंत, ती कधीच केरात गेली. एवढा साधा हिशेब. पण या कागदावर काही उमटलं रे उमटलं, की माणसाची झोप उडते. यकृत महिनोन् महिने खराब होत असलं तरी माणूस बेफिकीर असतो. गालावर एक पुटकुळी आली, की आरसा सोडत नाही. कारण उघड आहे. यकृत शेजारणीला दिसत नाही.

माझ्याकडं येणाऱ्या पेशंटचं निदान घरीच झालेलं असतं. महाराष्ट्रात त्वचेच्या रोगांना दोनच कारणं आहेत : एक उष्णता आणि दुसरं रक्त. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. मुरूम आले, उष्णता. त्यातून लग्न ठरत असलं, तर फारच उष्णता. जे उष्णतेत बसत नाही, ते रक्तात. "डॉक्टर, रक्त अशुद्ध झालंय हो त्याचं," असं त्या मुलाच्या देखत त्याची आई सांगते. मुरूम ही तारुण्यातल्या तेलग्रंथींची उठाठेव आहे, त्या ग्रंथींचं तोंड बुजतं म्हणून ते येतात, औषधाचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर नखांनी फोडायचे नाहीत, एवढं मी सांगतो. आई मान डोलावते आणि जाताना विचारते, "पण रक्तशुद्धीचं काहीतरी लिहून द्याल ना?" लहान मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला, की ते जंत. तो कोरड्या त्वचेचा डाग असतो, साधं मलम आणि थोडा धीर धरला की जातो, हे सांगणारा डॉक्टर अडाणी ठरतो. मोहल्ल्यातला जो कोणी जंताचं औषध देतो, तो हुशार.

पण सगळ्यांत रोमहर्षक आजार म्हणजे नागीण. नुसतं नाव घेतलं की घरात फणा निघतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं, की माणूस संपला, असा आपला पिढीजात समज. एका वाड्यातल्या आजींच्या कमरेवर नागीण उठली होती. फोड पाठीच्या कण्यापासून निघून बेंबीच्या दिशेनं चाललेले. वर गेरूचा लेप. सून रोज संध्याकाळी दिवेलागणीला दोरा घेऊन शेपटीपासून तोंडापर्यंत माप घ्यायची आणि आजी विचारायच्या, "किती राहिलं गं?" जणू पंढरपूरच किती कोस राहिलं!

मी त्यांना म्हटलं, "आजी, ही अर्ध्या वाटेवरच थांबणार."

"कशावरून?"

मग सांगितलं : लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, त्यांचेच विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी इतकी वर्षं दडून बसलेले असतात. म्हातारपणी, किंवा अंगातली शक्ती कमी झाली, की ते जागे होतात आणि त्या एका तंतूच्या वाटेनं कातडीवर येतात. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो. मधली रेघ बहुधा ओलांडत नाही. तेव्हा तोंडाला शेपूट भेटायचं कसं? आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे नागीण नव्हे, आमच्या नळाची पाइपलाइन की हो! अर्ध्या वाड्यापर्यंतच येते." मला वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही. मात्र दोऱ्यानं मापं घेण्यात दिवस घालवू नयेत. या दुखण्यावरची गोळी फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. नाहीतर फोड जातात आणि ठणका महिनोन् महिने बिऱ्हाड करून राहतो.

नागिणीपेक्षा मला भीती वाटते ती ट्यूबची. ही ट्यूब औषधांच्या दुकानात मिळते आणि शेजारणीकडं असतेच असते. "आमच्या ह्यांना एका दिवसात गुण आला" या वाक्यासकट ती घरोघर फिरते. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि वर एक जहाल स्टेरॉइड असतं. गजकर्णावर ती लावली, की खाज थांबते. माणूस खूश. खाली बुरशीही खूश. कारण तिच्याशी भांडणारी शरीराची फौज स्टेरॉइडनं झोपवलेली असते. महिन्याभरात रुपयाएवढा चट्टा ताटाएवढा होतो. काही बायका हीच ट्यूब गोरं व्हायला म्हणून चेहऱ्यावर चोळतात. आधी उजळ दिसतं, मग कातडी पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि ट्यूब बंद केली की आग आग होते. म्हणून पुन्हा ट्यूब. दारूची सवय अशीच लागते. फरक एवढाच, की ही दारू तोंडातून न जाता तोंडावरून जाते. २०१८ साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण शेजारणीवर बंदी घालणारा कायदा अजून व्हायचा आहे.

गोरेपणाचं तर विचारूच नका. काळ्या माणसाच्या आणि गोऱ्या माणसाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. एकाच्या पेशी मन लावून काम करतात, दुसऱ्याच्या सरकारी नोकरीत असल्यासारख्या वागतात. त्यातही उन्हापासून राखण करते ती कामसू पेशीच. तरीही आपल्याकडं लग्नाच्या जाहिरातीत मागणी असते ती आळशी पेशीवालीला. १९७५ साली गोरेपणाचं एक क्रीम आपल्या देशात आलं आणि घरोघर पोचलं. २०२० साली त्याच्या नावातला 'गोरा' या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून टाकला गेला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली. नजर बदलायला किती लागतील, हे सांगणारा तज्ज्ञ आमच्या शाखेत नाही.

आणि रोग खरा तिथंच असतो. नजरेत. मुलीच्या कोपरावर कोडाचा चवलीएवढा डाग. ना खाज, ना दुखणं, ना तो कोणाला लागत. कोड म्हणजे कुष्ठ नव्हे. कोडाच्या डागावर कापूस फिरवला तर तो व्यवस्थित कळतो, कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा कळत नाही. दुधाबरोबर मासे खाल्ल्यानं कोड येत नाही. हे सगळं मी सांगून होतं आणि मुलीची आई खालच्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, कागदावर तिचं नाव लिहू नका हं." चाळीस वर्षांत मी किती कागद बिननावाचे लिहिले, त्याला गणती नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडं इतके अनामिक पेशंट असतील असं वाटत नाही.

इथं मला मामांबद्दल सांगायला हवं. मामा माझे कंपाउंडर. आधी ते एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हळूहळू बोटांना खिळे कळेनासे झाले. कोणता काना, कोणती वेलांटी, काही समजेना. मालकाला वाटलं डोळे गेले. डोळे ठीक होते. कुष्ठरोगानं हाताचा मज्जातंतू गाठला होता. १९८३ साली, तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आपल्याकडं नवीच आली होती, तेव्हा ते मोठ्या दवाखान्यात मला पहिल्यांदा भेटले. त्यातल्या एका गोळीनं लघवी लाल होते, दुसरीनं कातडी काळवंडते. मामा म्हणायचे, "डॉक्टर, आतून लाल शाई, बाहेरून काळी. दुरंगी छपाई चाललीय माझी." दोन वर्षं त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. जंतू गेले. वाकलेली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र तसंच राहिलं, कारण मेलेला मज्जातंतू औषधानं परत येत नाही. छापखान्यानं परत घेतलं नाही. मी त्यांना माझ्याकडं घेतलं. "कंपोझिटरचा कंपाउंडर झालो," ते म्हणायचे, "दोन-तीन खिळेच बदलावे लागले."

१९८८ सालची गोष्ट. शहरातले एक बडे गृहस्थ आले. सफारी, चार अंगठ्या, बाहेर गाडी. महिनाभर रात्रीची झोप नव्हती. अंथरुणात पडलं की खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती. घरात नऊ माणसं, सगळी खाजवतायत. निदान करायला भिंगसुद्धा लागलं नाही. खरूज. कातडीत बीळ करून राहणाऱ्या किड्याची ही कृपा. तो सफारी बघत नाही की अंगठ्या बघत नाही. गृहस्थ खाजवता खाजवता कहाणी सांगत होते तेवढ्यात मामांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. गृहस्थांची नजर त्या दोन बोटांवर गेली. हात अर्ध्यावर थांबला.

"नको. तहान नाही." मग मामा आत गेल्यावर हळूच मला, "डॉक्टर, असली माणसं पाणी द्यायला कशी ठेवता तुम्ही?"

मी म्हटलं, "साहेब, त्यांचा रोग बरा होऊन तीन वर्षं झाली. तो आता कोणाला लागत नाही. या खोलीत आत्ता एकाचाच रोग दुसऱ्याला लागण्यासारखा आहे."

"कोणाचा?" असं विचारून गृहस्थ मनगट खाजवू लागले, आणि मग थांबले.

औषध कसं लावायचं, हे सांगण्याचं काम दवाखान्यात मामांकडं होतं, आणि ते मी त्या दिवशीही त्यांच्याकडंच दिलं. त्या काळी पांढरं, झोंबणारं लोशन असायचं; आता बरं क्रीम मिळतं. नियम तेच. मामा त्यांना मुद्रितं तपासल्यासारखं समजावत होते, "मानेखाली सगळीकडे, साहेब. बेचक्यांत, बेंबीत, नखांच्या कडांना. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. कपडे, चादरी गरम पाण्यात. आठवड्यानं पुन्हा एकदा. एक माणूस सुटला, की सगळा फॉर्मा पुन्हा जुळवावा लागतो." गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते. नऊ माणसांची औषधं घेतली आणि गेले.

पुन्हा ते आले नाहीत. आठवड्यानं उरलेल्या बाटल्या न्यायला ड्रायव्हर आला. उन्हातून आला होता, त्यानं मामांकडं पाणी मागितलं, दोन ग्लास घटाघटा प्याला, बाही वर सारली आणि म्हणाला, "मामा, हे काय असंल?" मनगटावर खरूज. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि एक बाटली जास्तीची बांधली. "नऊच सांगितली होती त्यांनी," मामा म्हणाले. "हा दहावा मोजायचा राहिला."

मामा आता नाहीत. आपल्या देशानं २००५ साली जाहीर केलं, की दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण राहिले, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं उच्चाटन झालं. तरी आजही दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं. बधिर चट्टा लवकर दाखवला तर बोटंही वाकत नाहीत. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात या जंतूला पुरून उरणारी शक्ती असतेच. हे सगळं कळूनही, नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागण्याची सोय आपल्या कायद्यात होती, ती निघाली २०१९ साली. म्हणजे ती तीन औषधं आल्याची बातमी कायद्यापर्यंत पोचायला तीन तपं लागली. मामांच्या बायकोला त्या सोयीची गरज कधी पडली नाही. त्या रोज संध्याकाळी दवाखान्याखाली येऊन उभ्या राहायच्या आणि दोघं मंडईतून भाजी घेऊन घरी जायची. पिशवी मामांच्या त्याच हातात. वाकलेल्या बोटांत ती छान अडकते, असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या शाखेला भलतेच चांगले दिवस आलेत. नव्या मुलांत स्किनची सीट मिळवण्यासाठी हृदयवाल्यांइतकीच चढाओढ असते. लेसर, पीलिंग, केसरोपण. पाट्यांवरून तो मधला शब्द गेला, 'क्लिनिक'चं 'स्टुडिओ' झालं. पेशंट वर्तमानपत्रामागं लपत नाहीत, मोबाइलमागं लपतात. उपचारांची आधीची आणि नंतरची छायाचित्रं भिंतीवर टांगतात म्हणे. माझ्या भिंतीवर फक्त कॅलेंडर असायचं. पण अजूनही कोणी नवा डॉक्टर भेटला, तर मी एवढंच सांगतो, की लांबून टॉर्च मारून बघू नकोस. हात लाव. पेशंटला घरी तेवढं एक मिळत नसतं. पहिल्यांदा हात लावला की काही पेशंट दचकतात, काही गप्प होतात, आणि एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं. औषध त्यानंतर लिहावं. ते लागू पडायला सोपं जातं.

मी दवाखाना बंद केला. धंदा बंद झालेला नाही. लग्नात गेलो तर वरपिता मला बाजूला घेऊन मोजा काढतो. पायाच्या भेगांना कोकमाचं तेल लावा, मी सांगतो. थंडीत कढत पाण्यानं आंघोळ करू नका, साबण कमी घासा, अंग ओलसर असतानाच तेल चोळा, टिकलीखाली पांढरा डाग दिसला तर टिकली ताबडतोब बंद करा, कारण ती चिकटवायच्या गोंदात दोष असू शकतो. यातलं एकही वाक्य ऐकायला कोणी हृदयाच्या डॉक्टरला लग्नात बाजूला घेत नाही. त्यांना जिलबी गरम मिळते, हे मान्य.

जाता जाता एकच शास्त्रीय माहिती. खाज किड्यानं लागते, बुरशीनं लागते, तशी ती नुसती ऐकूनही लागते. यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. खाजवणारा माणूस बघितला, खाजेविषयी ऐकलं, की बघणाऱ्याचा-ऐकणाऱ्याचा हात आपोआप जातो. तेव्हा हा लेख वाचताना तुमचा हात एकदोनदा मानेकडं किंवा कोपराकडं गेला असेल, तर घाबरू नका. रक्त शुद्ध आहे. उष्णताही नाही. नखं कापलेली असतील तर खुशाल एकदा खाजवा, आणि शेजारणीनं ट्यूब पुढं केली, तर नम्रपणे नाही म्हणा.